तालमीतला अंतराळवीर

शाळेतील कोणत्याही समारंभाची आधी रंगीत तालीम झालीच पाहिजे, हा आमच्या मुख्याध्यापिका भैरवी पेंढारकर यांचा नियम आहे. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी त्या खांबाला जुना पंचा बांधून दोरी ओढवून पाहतात. त्यामुळे अंतराळ स्थानकातील अंतराळवीराशी रेडिओवरून बोलण्याची संधी आमच्या शाळेला मिळाल्याचे पत्र आले, तेव्हा पेढे मागवण्याआधी त्यांनी मला विचारले, "श्रीधर, याची तालीम कशी घ्यायची?"

प्रश्न रास्त होता. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे एकोणीस वर्षांपासून आहे. स्थानक नागपूरच्या क्षितिजावर उगवते आणि दहा मिनिटांत मावळते. तेवढ्या वेळात पंधरा मुलांनी एकेक प्रश्न विचारायचा, वाक्य संपले की 'ओव्हर' म्हणायचे आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प राहायचे. आमच्या मुलांना यातले शेवटचेच अवघड होते.

मी सदरमधल्या एका दुकानातून दोन साधे वॉकीटॉकी आणले. मैदानापुरते चालणारे, परवाना न लागणारे. एक प्रयोगशाळेत मुलांसाठी ठेवला. दुसरा खोक्यासकट मॅडमच्या टेबलावर ठेवून मी सुचवले की, वरच्या मजल्यावर कुणाला तरी अंतराळवीर म्हणून बसवावे.

"बघते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, साडेबाराला, मी बटण दाबून हाक दिली. थोडी खरखर झाली. मग एक काहीसा वयस्क, निवांत आवाज आला.

"बोला गा पोरंहो. ऐकून राहिलो. ओव्हर."

मुले खूश झाली. खऱ्या अंतराळवीर बाई परदेशी होत्या, त्यामुळे प्रश्न इंग्रजीत पाठ करायचे होते. पण तालमीत मराठी चालेल असे मी ठरवले होते. आधी धीर यावा, भाषा मागून येते. गौरांग हा आमचा वक्तृत्वातला चषकविजेता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "तिथे तुम्ही काय जेवता? ओव्हर."

"भाकर नाही चालत इथं. चुरा उडते अन् डोळ्यात जाते. ओव्हर."

"अंतराळात थंडी असते की ऊन? ओव्हर."

"सावलीत गेलं की बर्फ. उन्हात आलं की मे महिन्यातलं सीताबर्डी. ओव्हर."

"आंघोळ कशी करता? ओव्हर."

"त्याचं नाव नको काढू, बाप्पा. ओव्हर."

मॅडमनी दाराशी उभ्या राहून ऐकले. "भाषा जरा गावठी आहे," त्या मला हळूच म्हणाल्या, "पण तयारी चांगली केली आहे हं त्यांनी." मीही मान डोलावली. त्यांनी माणूस चांगला निवडला होता. त्याची उत्तरे मी रोज संध्याकाळी पुस्तकात तपासून पाहत असे, ती बरोबर निघत. एकदाच फरक पडला. तेव्हा नवी आवृत्ती काढून पाहिली, तर चूक माझ्या पुस्तकाची होती.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. मधल्या सुट्टीत आमच्या शाळेत नऊशे मुले एकाच वेळी ओरडत असतात. पण अंतराळवीराच्या आवाजामागे काहीच ऐकू येत नसे. मुले नाहीत, पंखा नाही, रस्ता नाही. एवढ्या स्वस्त यंत्राचा मायक्रोफोन इतका चांगला असेल असे मला वाटले नव्हते.

पंधरावा प्रश्न आठवीतल्या प्रणाली नंदनवारचा होता. तिच्या घरी आजोबांपर्यंत हातमाग चालत होता. वडील आता ई-रिक्षा चालवतात, आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया आहे. प्रणाली बोलताना अडखळते. हजेरीला ती 'हजर' म्हणत नाही, हात वर करते. प्रश्न आम्ही नावाशिवाय, चिठ्ठ्यांवर मागवले होते आणि सगळ्यांत चांगला प्रश्न तिचा निघाला: तुम्ही परत आल्यावर पहिले काय कराल?

"तीनशे माणसांसमोर ती उभी राहिली आणि शब्दच फुटला नाही, तर?" मॅडमनी विचारले. त्यांना खरोखर काळजी होती. "तिचा प्रश्न गौरांग वाचेल. नाव तिचंच सांगू."

"तालमीत तिला बोलता आलं, तर?"

"तर तीच बोलेल."

पहिल्या दिवशी प्रणालीने वॉकीटॉकी दोन्ही हातांनी धरला आणि 'तु' या अक्षरावर ती अडली. मुले चुळबुळू लागली. गौरांगने घड्याळ पाहिले. एक मिनिट गेले.

"घाई नाही वं बाई," पलीकडून आवाज आला. "मले कुठं जायचं हाय? मी इथंच आहो. ओव्हर."

त्या दिवशी ती 'तुम्ही' एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी 'तुम्ही परत'. तो रोज तिच्यासाठी थांबे आणि ती रोज एक शब्द पुढे जाई. बाकीच्या चौदा जणांना तो विनोद सांगे. तिच्याशी मात्र गंभीर असे, जणू तिच्याच प्रश्नाची त्याला गरज होती. पाचव्या दिवशी 'काय'पर्यंत पोहोचून ती थांबली, आणि घंटा झाली. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या तिला यादीत." प्रणाली घरी धावत गेली. तिच्या आईने दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून ठेवली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मॅडम सत्काराची यादी करत होत्या.

"तालमीतल्या अंतराळवीरांना शाल-श्रीफळ द्यायलाच हवं. नाव काय लिहू?"

"तुम्हीच नेमलं ना त्यांना?" मी म्हणालो.

"मी? मला वाटलं, तुम्ही शेवटी ईश्वरदासला बसवलंत."

ईश्वरदास हा आमचा शिपाई. तो त्याच वेळी चहा घेऊन आत आला.

"मी काहून?" तो म्हणाला. "साडेबाराले त मी खिचडी वाटून राहिलो असतो. मले वाटलं, सरच तोंडाले रुमाल बांधून बोलून राहिले."

"अरे, मी मुलांच्या शेजारी उभा असतो."

"म्हून त मी म्हणलं, सरची कमाल हाय."

मॅडमनी कपाट उघडले. दुसरा वॉकीटॉकी खोक्यात होता. त्याच्यावरचे प्लास्टिकसुद्धा निघालेले नव्हते.

ईश्वरदासने चहा टेबलावर ठेवला आणि दोन पावले मागे सरकला.

"शेजारपाजारचं कुणीतरी त्याच लहरीवर असेल," मी म्हणालो. ते अशक्य नव्हते. "कुणी निवृत्त माणूस. हौशी."

"कार्यक्रम उद्या आहे," मॅडम म्हणाल्या. "चौकशी नंतर." आणि यादीत त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले: एक हितचिंतक.

मी प्रयोगशाळेत जाऊन मुलांच्या वॉकीटॉकीतले सेल काढले आणि खिशात टाकले.

दुसऱ्या दिवशी स्थानक बारा वाजून चौतीस मिनिटांनी उगवणार होते. बारा एकतीसला संस्थेचे अध्यक्ष गोपाळराव भाषणाला उभे राहिले. पस्तीसला ते अजून शाळेच्या स्थापनेपर्यंतच आले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन सांगितले की, स्थानक उगवले आहे.

"आता माणूस बोलून राहिला ना," ते म्हणाले. "त्याइले सांगा, दोन मिनट थांबा म्हणा."

ताशी सत्तावीस हजार किलोमीटर वेगाने जाणारी वस्तू थांबवण्याची सोय नसल्याचे मी त्यांना समजावीपर्यंत ती दोन मिनिटे गेलीच. मग संपर्क झाला. अंतराळवीर बाईंचा आवाज सभागृहात घुमला, लोक उभे राहिले, गोपाळरावांनी आकाशाच्या दिशेने नमस्कार केला. मुलांनी एकामागून एक प्रश्न विचारले. उत्तरे नेमकी आणि छोटी होती. मुलांना ती थोडी फिकी वाटली असावीत.

आपली पाळी येण्याआधी प्रणालीने माझी बाही ओढली आणि टेबलावरच्या वॉकीटॉकीकडे बोट दाखवले. तो हातात असला की तिला धीर येई. तो बंद होता, म्हणून मी दिला.

बारा त्रेचाळीसला ती मायक्रोफोनसमोर उभी राहिली. इंग्रजी प्रश्नाच्या पहिल्याच अक्षरावर तिचे ओठ मिटले.

मी स्थानकाचा क्षितिजापासूनचा कोन पाहत होतो. तीन अंश. दोन.

"मी ऐकते आहे," बाई इंग्रजीत म्हणाल्या. फार मायेने म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खरखरीत विरला.

स्थानक मावळले होते.

प्रणाली तशीच उभी होती. मागच्या रांगेत कुणीतरी हसले. तिसऱ्या रांगेत दवाखान्याच्या निळ्या साडीत तिची आई बसली होती. तिने मान खाली घातली. मॅडम आभार मानायला पुढे सरकल्या.

"बोल वं बाई. घाई नाही. ओव्हर."

आवाज प्रणालीच्या हातातून आला. समोरच्या मायक्रोफोनने तो सगळ्यांना ऐकवला. सभागृह पुन्हा शांत झाले. संपर्क परत जुळला, असेच सर्वांना वाटले. गोपाळराव शेजाऱ्याला म्हणाले, "पाहा, थांबले की नाही?"

मी खिशात हात घातला. सेल तिथेच होते.

"तु-तुम्ही," प्रणाली म्हणाली, "परत आल्यावर... प-पहिले..."

तो थांबला.

"पहिले काय... कराल? ओव्हर."

तिने शेवटचा शब्द म्हटला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिची आई उभी राहिली आणि डोळ्यांना पदर लावून रडू लागली. टाळ्या ओसरेपर्यंत पलीकडून काही आले नाही.

"पहिले दार वाजवीन," तो म्हणाला. "तू उघडशील? ओव्हर."

"हाव," प्रणाली म्हणाली. एका झटक्यात.

"मंग घर सांगून ठेव. ओव्हर."

मी तिला थांबवायला हवे होते. माझा हात पुढेही झाला होता. पण तेरा वर्षांत पहिल्यांदा मोकळे बोलणाऱ्या मुलीला मध्येच कसे तोडावे, हे मला कुणी शिकवलेले नव्हते.

"तांडापेठ," ती म्हणाली. "विहिरीपासून डावीकडची बोळ. तिसरं घर, निळं दार. आई दवाखान्यात असते, बाबा उशिरा येतात. आठ वाजतापर्यंत मी एकटीच राहते. ओव्हर."

ती कुठेही अडखळली नाही. लोक पुन्हा उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मॅडम रुमालाने डोळे पुसत होत्या. माझ्या लक्षात आले की, मीही टाळ्या वाजवत होतो.

त्या गजरात पुढचे उत्तर फक्त प्रणालीला आणि मला ऐकू आले असावे.

"निघालो," तो म्हणाला.

पुढे 'ओव्हर' नव्हते.