खडा कुठेतरी होणारच

मंगळाकडे निघालेल्या 'अगस्ती' यानात आठ महिन्यांत एकालाही मुतखडा झाला नव्हता, आणि डॉ. सुलक्षणा खांडेपारकरांना याचा नको तेवढा अभिमान होता. भारहीनतेत हाडं झिजतात, त्यांतलं कॅल्शियम लघवीत उतरतं आणि मूत्रपिंडात त्याचे खडे होतात. त्यावर बाईंनी आपल्या आजेसासूचे उपाय काढले होते: दिवसाला तीन लिटर पाणी, लिंबाचा रस, कुळथाचं कढण, मीठ बेतानं, शिवाय तासभर व्यायाम. बाकीचे पाच जण कढणाला नाकं मुरडत, बाईंना 'कुळीथबाई' म्हणत, पण मुकाट्यानं पीत.

एका दुपारी यानाचे यंत्रज्ञ फ्रान्सिस डाबरे दवाखान्याच्या कप्प्यात आले. त्यांच्या हातातल्या पारदर्शक पिशवीत पांढुरका, खरबरीत खडा होता. बाईंनी पिशवी त्यांच्या हातून ओढून घेतली. मंगळावर यान उतरवणार होती नूतन, आणि तिला पृथ्वीवर असताना एकदा खडा होऊन गेला होता.

"नूतनचा?"

"माणसाचा नाही. मूत्रशोधकाचा."

यानात बाहेरून पाण्याचा थेंब येत नव्हता. सगळ्यांची लघवी मूत्रशोधकात जाई आणि तिच्यातलं पाणी शुद्ध होऊन पुन्हा प्यायला येई.

"हाडांतलं कॅल्शियम निघतंच आहे, डॉक्टर," डाबरे म्हणाले. "तुम्ही ते माणसांत बसू दिलं नाहीत, धुऊन माझ्याकडे पाठवलंत. खडा कुठेतरी होणारच."

बाईंनी लिंबाचा रस सोडून पाहायला सांगितलं. तो डाबऱ्यांनी कालच सोडला होता. बाहेरचा थर विरघळला, आतल्या केसाएवढ्या नळ्यांपर्यंत तो पोचलाच नाही. तीनपैकी दोन नळ्या बंद होत्या. तिसरी बुजली तर मंगळ यायच्या आत सगळे तहानेनं मरणार. लघवी बाहेर टाकावी तर तेवढं पाणीही गेलं. कॅल्शियम जरासं कमी आलं, तरच ती नळी उरलेले पाच आठवडे तगणार होती.

हाडांतून निघणारं कॅल्शियम थांबवणं कोणाच्याच हाती नव्हतं. ते यंत्रात जायला नको असेल, तर वाटेत अडवायला एकच जागा उरत होती.

"म्हणजे थोडं माणसांतच राहायला हवं," त्या म्हणाल्या.

डाबऱ्यांनी मान हलवली. हे त्यांना आधीच कळलं होतं, फक्त बोलवत नव्हतं.

बाईंनी कागद ओढला. नूतनला पूर्ण पाणी, लिंबू, सगळं चालू. बाकी पाच जणांनी पाणी जेमतेम जगण्यापुरतं प्यायचं, कढण बंद, आणि यानातल्या वाफ्यातला पालक दोन्ही वेळा खायचा, म्हणजे खडे लवकर धरतील. आपलं नाव त्यांनी पहिलं लिहिलं. लिहिताना त्यांना स्वतःचीच किळस आली.

डाबरे दाराशी थांबले. त्यांच्या वडिलांना मुतखड्याच्या कळा आल्या होत्या, तेव्हा ते जमिनीवर लोळत होते, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आपल्याला कळा सुरू झाल्या की दुखणं थांबवायची इंजेक्शनं आहेत ना?"

"एका माणसापुरती."

"पाच जणांत एकापुरती?"

बाईंनी कागदाची घडी घातली.

"निघताना वजन जास्त भरत होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसांना खडे होणारच नाहीत, म्हणून बाकीची मीच उतरवली. त्या जागी कुळीथ भरले."