ठमीच्या पिंजऱ्याजवळची सळई

“बाई, एकदाच या. दादाची नोकरी जातेय!”

प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरणीचा फोन आला तेव्हा बाईंनी नुकते पाय पसरले होते. प्रयोगशाळा सोडून अकरा वर्षं झाली, तरी रक्त म्हटलं की लोकांना त्याच आठवायच्या.

ठमी म्हणजे तिथली म्हातारी चिंपांझी. दादा तिचा राखणदार, बावीस वर्षांपासूनचा. पिंजऱ्याजवळ रक्ताळलेली सळई सापडली आणि दादानेच ठमीला मारलं, असा अहवाल अधीक्षकांनी लगोलग दिला. दादाला पिंजऱ्याकडे जायची बंदी. ठमीने तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

“जखम कुठंय तिला?” संग्रहालयात पोहोचताच बाईंनी विचारलं.

“कसं कळणार? दादाशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही,” डॉक्टरीण म्हणाली.

बाई दादाकडे वळल्या. “मारलंस?”

“तिला? बायकोवरसुद्धा कधी आवाज चढवला नाही मी.”

“बायको काय म्हणते?”

“म्हणते, ठमीशी बोलता तेवढं माझ्याशीही बोला.”

बाई दमलेलं हसू हसल्या.

अधीक्षक चहाचा कप डाव्या हातात घेऊन आले. उजवा खिशात. “रक्त इथूनतिथून सारखंच, बाई. काय शोधणार?”

“बघते. घरी बसून तरी काय करतेय!”

सळईवरचं वाळलेलं रक्त त्यांनी खरवडून भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना बोलावलं.

“बी गट.”

“मग? ठमीचा बी असेल,” अधीक्षक म्हणाले.

“साहेब, तरुणपणी आमच्या सरांनी मला वानरांच्या रक्तावर बसवलं होतं. माझ्या लग्नाची तारीख विसरेन, तो रक्तगटांचा तक्ता नाही. गोरिलांत बी सापडतो, पण तुमच्याकडे गोरिला नाही. चिंपांझींत बहुतेक ए, थोडे ओ. बी नाहीच. हे माणसाचं रक्त आहे.”

“म्हणजे दादाचं!”

“त्याच्या ओळखपत्रावर ओ लिहिलंय. तुमच्यावर, बी.”

“बी गटाची माणसं ढिगानं आहेत!”

“आहेत ना. म्हणून तर विचारते, कालपासून उजवा हात खिशात का?”

हात बाहेर आला. तळव्याला पट्टी होती.

पाहुण्यांसमोर ठमी उठेना, म्हणून साहेबांनी तिला सळईने डिवचलं. तिने ती हिसकली आणि त्यांचाच तळवा फाटला. वरिष्ठांना काय सांगणार? दादाचं नाव पुढे केलं. माकडाचं रक्त कोण वेगळं ओळखणार, या भरवशावर सळईही पुरावा म्हणून जपून ठेवली.

दादा केव्हाच निघून गेला होता. बाई पिंजऱ्यापाशी पोहोचल्या, तर ठमी सफरचंदाची फोड चघळत त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटसुलट करून बघत होती.

बाई पायरीवर टेकल्या. “मलाही एक फोड दे रे. पाय उचलत नाहीत.”