दिसेनाशी होईपर्यंत

"आपल्या सूनबाईंनी होडी पार दिसेनाशी होईपर्यंत टक लावली, आई. लाल शाल घेऊन धक्क्याच्या टोकाला उभ्या होत्या. या डोळ्यांनी बघितलं मी."

टॅमसिन परसात कुजबुजत होती. स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे, हे तिच्या ध्यानात नव्हतं. आत तिची भावजय थर्झा केशरी पावाचं पीठ मळत होती. सकाळी नवरा, पास्को, होडी घेऊन गेला तेव्हापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. तिची लाल शाल दारामागच्या खुंटीवरच होती.

थर्झाचं माहेर शेतकऱ्यांचं. कॉर्नवॉलच्या या कोळीवाड्यात ती लग्न होऊन आली, त्याच दिवशी सासूने, केझायाने, बजावलं होतं : नजरेला पडणं वेगळं, बघत राहणं वेगळं. समुद्रावर निघालेल्याला हात करायचा आणि पाठ फिरवायची. दिसेनासा होईपर्यंत बघितलं, तर माणूस परतत नाही.

केझाया आत आली ती धुसफुसतच. "गुरं चरायला सोडलीयत का तिकडे, टक लावून बघायला?"

"आई, मी तर..."

"बोलू नकोस. पास्को घरी येऊ दे आधी."

थर्झा पुन्हा पीठ मळू लागली. नव्या नवरीचं कोण खरं मानणार?

दुपारी धुकं उतरलं. ओल्या दोरखंडांचा, शेवाळाचा वास घरभर भरला. बाकीच्या होड्या परतल्या. पास्कोची आली नाही. पाव भाजून निघाले, निवले. कुणी हात लावला नाही. थर्झा मनातल्या मनात एकच घोकत होती... मी नव्हते. मी बघितलं नाही.

आणि दार धाडकन उघडलं. पास्को! नखशिखांत भिजलेला, पण धडधाकट. केझायाने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिथेच रडू लागली.

"थर्झामुळे वाचलो," तो धापा टाकत म्हणाला. "समोरचा खडक दिसत नव्हता. धक्क्यावरची लाल शाल तेवढी दिसत होती. त्या रोखाने वल्हवत आलो. पण मी जवळ येताच पळालीस का गं?"

"लाजली असेल!" टॅमसिन खिदळली.

केझायाने डोळे पुसून सुनेला जवळ ओढलं. "मोडलीस रीत, बरं केलंस बाई." ती चहाचे कप काढू लागली. थर्झालाही हसू आलं. सबंध दिवसाचा श्वास तिने आत्ता कुठे सोडला.

खिडकीबाहेर धुकं विरत होतं. धक्का टोकापर्यंत दिसू लागला होता.

"आई," थर्झा हळूच म्हणाली, "एक कप जास्त काढा. यांना जिने घरी आणलं, ती... आता इकडे बघतेय."