पाकिटातला फोटो

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण ताईची शपथ घेऊन सांगते, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

बुधवार. दुपारचे साडेबारा. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भुताखेतांना भीक न घालणारी. पण त्या दिवशी तिचे हात गार पडले होते. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला पाचव्याच महिन्यात, दुसऱ्या एका दवाखान्यात, तिला असंच आडवं झोपवून बाळाचे ठोके थांबल्याचं सांगितलं होतं. त्या बाळाचा सोनोग्राफीतला शेवटचा फोटो तिने पाकिटात घालून कपाटात ठेवला होता. उजवा हात कानावर, जसा काही आवाज नकोसा झालाय. तो कागद दिवसेंदिवस पुसट होत गेला आणि शेवटी पार कोरा झाला. तरी तिने टाकला नाही.

भाऊजींना बाहेर बसवलं. खोलीत अंधार, स्क्रीनचा तेवढा उजेड. पोटावर गार जेल. डॉक्टरबाई एकेक दाखवत होत्या. हे डोकं. हा मणका. हे हृदयाचे चार कप्पे.

मग त्या गप्प झाल्या...

ताईला ती शांतता ओळखीची होती. 

"प्रिंटरचा कागद संपलाय, आणते. हलू नका," असं म्हणून बाई गेल्या. पोटावर फिरवायचा प्रोब त्यांनी मशीनला अडकवून ठेवला. स्क्रीन काळी झाली.

दार लागलं.

आणि पोटावर पुन्हा काहीतरी टेकलं...

हळूच सरकू लागलं. बेंबीखालून डावीकडे.

प्रोब तर जागेवरच लटकत होता. ताईने उठायचा प्रयत्न केला. मान हलेना. हाक मारायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. दारापलीकडून भाऊजींचं खोकणं ऐकू येत होतं. चार पावलांवर नवरा, पण उपयोग शून्य.

स्क्रीन उजळली.

बाळ. उजवा हात कानावर.

ताईने ते हजारांत ओळखलं असतं.

ठोके ऐकू येत नव्हते. कितीतरी वेळ नाही...

मग एक. मग दुसरा. मग धडधड सुरू झाली, आणि बाळाने सावकाश तोंड तिच्याकडे वळवलं.

दार उघडलं. स्क्रीन काळी. बाईंनी पुन्हा तपासलं आणि बाळ अगदी छान आहे म्हणाल्या. आता दोन्ही हात छातीशी होते. ताई हमसून रडली. बाईंना वाटलं, आनंदाने.

घरी येऊन तिने कपाटातलं पाकीट उघडलं. कोऱ्या कागदावर फोटो परत आला होता. स्वच्छ, कालच काढल्यासारखा. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

"मी नक्की कोणाची वाट बघतेय गं?" तिने मला विचारलं.

मी तिलाच रागावले. दुसरं काय करणार होते?

काल दुपारी ती बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. भाऊजींनी मला कपडे आणायला घरी पाठवलं. कपाटात ते पाकीट हाताला लागलं. उघडलं...

कागद कोरा.

भाऊजी म्हणाले, असला कागद पुसट होतोच. तेही खरंच आहे.

पाकीट आता माझ्या पर्समध्ये आहे. टाकवत नाही, आणि ताईला दाखववतही नाही. तिने अजून काही विचारलेलं नाही. मी हे लिहितेय तेव्हा मुलगी पाळण्यात शांत झोपलीये.

उजवा हात कानावर.