एक्केचाळीस टक्के

माजिवड्याचा पूल संपला की टायरच्या दुकानांमागे एक चार मजली इमारत लागते. तिच्या तिसऱ्या मजल्यावर ही लॅब. दारावर भलीमोठी पाटी आहे, पण आतलं काम एका वाक्यात सांगता येईल. ज्या आजारी माणसाला दुसऱ्याच्या मूळपेशी दिल्या आहेत, त्याच्या रक्तात आता कोण किती उरलंय, ते इथे मोजतात. नमुन्यातल्या सोळा जागा तपासायच्या. प्रत्येक जागेवर माणसाची दोन टोकं उमटतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. रुग्णाची टोकं वेगळी, दात्याची वेगळी. त्यांच्या उंचीवरून टक्के काढायचे. दाता अठ्ठ्याण्णव, रुग्ण दोन, असं आलं की त्या घरी पेढे येतात. उलटं व्हायला लागलं की डॉक्टरांचा फोन येतो.

स्वप्ना कासारे अकरा वर्षं हेच करत होती आणि तिचा स्वभावही या कामाला साजेसा होता. डब्याच्या वेळी कोणी भुताखेताची गोष्ट काढली, की ती पोळीचा तुकडा मोडता मोडता विचारायची, "मग तुलना कशाशी केली?" त्यावर गोष्ट सांगणाऱ्याचा सगळा उत्साह मावळायचा. सदतीस वर्षांची, बिनलग्नाची, कोपरला आई आणि धाकट्या भावासोबत राहणारी ही बाई कशावर सहजासहजी विश्वास ठेवत नसे.

भाऊ राजरत्न, वय एकोणतीस, कल्याणच्या एका कॉलेजात क्लार्क. गेल्या वर्षी ब्रश करताना त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि थांबेना. तपासण्या झाल्या. हाडांच्या आतला मगज रक्त बनवायचंच विसरला होता. उपाय एकच, दुसऱ्याच्या मूळपेशी. आईच्या अर्ध्याच जुळल्या, स्वप्नाच्या मात्र पूर्ण. विचार करण्यासारखं काही उरलंच नाही. पाच दिवस इंजेक्शनं घ्यायची आणि सहाव्या दिवशी चार-पाच तास मशीनला हात लावून पडायचं, एवढंच तिचं काम होतं.

त्याआधी एक फॉर्म होता. वडील महिपत नऊ वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून आई, आवडाबाई, सगळीकडे सोबत यायची. तशी ती त्या दिवशीही शेजारच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. चौथा प्रश्न होता, आजवर किती वेळा गर्भधारणा झाली. प्रश्न उगाच विचारलेला नव्हता. गर्भाच्या काही पेशी आईच्या हाडांत वर्षानुवर्षं राहू शकतात, हे स्वप्नाला फॉर्म छापणाऱ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण आवडाबाई सातवी शिकलेल्या होत्या आणि चष्मा लावून फॉर्मच वाचत होत्या. स्वप्नाने शून्य लिहिलं.

खरं उत्तर एक होतं. एकविसाव्या वर्षी, कल्याणच्या कॉम्प्युटर क्लासमधला प्रेम नावाचा मास्तर. तो आखातात गेला तो गेलाच. दिवस जाऊन साडेतीन महिने झाले होते. मालन नावाच्या मैत्रिणीने दवाखाना शोधला, घरी ट्रेनिंग आहे असं सांगितलं आणि दोन दिवसांत सगळं उरकलं. स्वप्नाने ती गोष्ट इतकी खोल पुरली होती की तिला स्वतःलाही कित्येक महिने तिची आठवण होत नसे.

जानेवारीत मूळपेशी दिल्या. घरच्या माणसाचा नमुना स्वतः तपासायचा नाही असा लॅबचा नियम होता, म्हणून ते काम सुमितकडे गेलं. सुमित हुशार मुलगा, तोंडात सतत बडीशेप. नमुन्यांवर नावं नसतात, फक्त आकडे. पण स्वप्नाची सोळा जागांची टोकं गेली कित्येक वर्षं लॅबमध्ये सरावाला वापरत होते. ती तिला मोबाइल नंबरासारखी पाठ होती. फेब्रुवारीचा आलेख सुमितच्या पडद्यावर दिसला आणि तिला हायसं वाटलं. स्वप्ना सत्त्याण्णव, राजरत्न एक.

"बाकीचे दोन?"

"गाळ असेल, मॅडम," सुमित म्हणाला. "अनोळखी टोक पाचच्या खाली असलं तर आपण कुठे लिहितो?"

मार्चमध्ये तो गाळ नऊ टक्के झाला.

तिने नियम मोडला. दुपारी सुमित चहाला गेल्यावर सोळाही जागांवरची त्या तिसऱ्या माणसाची टोकं कागदावर उतरवून घेतली. प्रत्येक जागी एक टोक तिचंच होतं आणि दुसरं परकं. असं फक्त आई, बाप किंवा मूल यांच्याच बाबतीत होतं. आईचा नमुना जुळणीच्या वेळी घेतला होता, तो हा नव्हता. वडिलांची टोकं दोन्ही भावंडांवरून ताडून पाहिली, तीही नव्हती. लिंगाच्या जागी एकच टोक होतं, मुलाची दोन दिसतात. मुलगी होती.

स्वप्ना बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली. तिला भीती नाही वाटली. आधी लाज वाटली, आणि मग, तिचं तिलाच नवल वाटलं, आनंद झाला.

आनंद एप्रिलपर्यंत टिकला. त्या महिन्यात तिसरी एकवीसवर गेली आणि राजरत्नच्या प्लेटलेट एक लाख चाळीस हजारांवरून साठ हजारांवर आल्या. अंगावर जांभळे डाग उमटले. डे-केअरमध्ये त्याला प्लेटलेट चढवत होते, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, आवडाबाई मोसंबं सोलत होत्या. राजरत्नला गुंगी आली होती. त्याने डोळे उघडले, आवडाबाईंकडे बघितलं आणि लहान, स्वच्छ आवाजात म्हणाला, "आजी."

नर्स हसली. आवडाबाईही हसल्या. "बघा की! केस पिकले म्हणून आईला चिडवतोय मेला."

मग त्याने मान वळवून स्वप्नाकडे बघितलं. नुसता बघत राहिला आणि तसाच परत झोपला. जागा झाल्यावर त्याला काही आठवत नव्हतं. "औषधांमुळे होतं, ताई," तोच तिची समजूत घालत म्हणाला. "तू कशाला एवढं मनाला लावून घेतेयस?"

सुमितचं एक दुसरं काम चाललं होतं, वय मोजण्याचं. रक्त बनवणारी पेशी दर वर्षी आपल्या डीएनएच्या मजकुरात सतरा-अठरा बारीक चुका गोळा करते, मग माणूस कसाही जगो. त्या चुका मोजल्या की पेशीचं वय निघतं. स्वप्नाने राजरत्नच्या नमुन्यातून तिसरीच्या पेशी वेगळ्या करून नाव न घालता त्याला दिल्या. जूनमध्ये उत्तर आलं.

"पंधरा-सोळा वर्षांची आहे कोणी तरी," सुमित म्हणाला. "एकदम हेल्दी. पेशंट आहे की नॉर्मल?"

"नॉर्मल," स्वप्ना म्हणाली.

म्हणजे ती दहावीला असती. दवाखान्यातून जे बाहेर काढलं ते काढलं, पण जे मागे राहिलं होतं ते सोळा वर्षं तिच्या हाडांत बसून एकेक वर्ष मोजत मोठं होत होतं. आणि तिनेच पिशवीत भरून ते भावाला दिलं होतं.

जुलैत तिसरी एक्केचाळीसवर पोचली आणि प्लेटलेट अकरा हजारांवर. राजरत्नवर उपचार करणाऱ्या डॉक्टर सोनल फारसं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी आवडाबाईंना औषधं आणायला खाली पाठवलं आणि केबिनचं दार लावलं.

"स्वप्ना, तुला कधी दिवस गेले होते का?"

या वेळी तिने हो म्हटलं.

"मग ऐक. तुझं मॅच त्याच्याशी पूर्ण आहे, तिचं अर्धंच. ती अशीच वाढली तर आतूनच त्याच्यावर उलटेल. कातडी, आतडी, लिव्हर. तो महिनाभरही काढणार नाही."

"उपाय?"

"तुझ्या पांढऱ्या पेशी काढून त्याला द्यायच्या. त्या तिला परकी म्हणून ओळखतील आणि संपवतील." मग डॉक्टर म्हणाल्या, "सही तुझी लागेल. दाता तू आहेस."

स्वप्नाला वाटलं, हीच सही मी एकदा केली आहे. तेव्हा निदान माहीत नव्हतं की ती कोण. खाली औषधाच्या रांगेत पिशवी सांभाळत उभी असलेली आई तिच्या डोळ्यांपुढे आली, तिचा एकुलता मुलगा वर कॉटवर होता. तिने सही केली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. कागद परत देताना ती म्हणाली, "हिला दोनदा..." पण पुढचं वाक्य तिच्याने पूर्ण झालं नाही आणि ती ढसाढसा रडली. डॉक्टरांनी तिला रडू दिलं.

दुपारी चार वाजता दोघांचं रक्त घेतलं. पेशी काढण्याआधी घ्यावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी सुमितचा फोन आला. तोंडात बडीशेप नव्हती. "मॅडम, तिसरी नाहीये."

"किती आहे?"

"नाहीचे. शून्य. तुम्ही शंभर. तीनदा लावलं. एका दिवसात एक्केचाळीस टक्के जातात कुठे?"

पेशी अजून काढल्याही नव्हत्या. कोणी तिच्यावर धावून गेलं नव्हतं. नुसती सही झाली होती.

डॉक्टर सोनल म्हणाल्या, आता काही देऊ नका, थांबू. पंधरवड्यात राजरत्नच्या प्लेटलेट लाखावर गेल्या. आवडाबाईंनी विहारात खीर वाटली. डाग पुसले गेले, त्याला भूक लागायला लागली, आणि सप्टेंबरात तो कॉलेजात कामावर गेलासुद्धा.

तिचा स्वतःचा त्या दुपारचा नमुना मात्र कोणी तपासला नव्हता. गरजच पडली नव्हती. एका शनिवारी, सुमित सुटीवर असताना, तिने तो फ्रीजरमधून काढून मशीनला लावला. मुलगी आपल्या पायांनी निघून गेली, एवढं तरी कळावं, असं तिच्या मनात होतं.

स्वप्ना एकोणसाठ. तिसरी एक्केचाळीस.

तिने पडद्यावर हात ठेवला. "आलीस होय?" असं ती मोठ्याने म्हणाली. खोलीत फक्त मशीनचा पंखा चालू होता. त्या दिवशी तिला जितकं हलकं वाटलं, तितकं सोळा वर्षांत वाटलं नव्हतं. राहू दे, तिने ठरवलं. माझ्याकडे राहू दे. भावालाही धोका नाही, कोणालाच नाही.

ऑक्टोबरमध्ये तिसरी अठ्ठावन्न झाली. नोव्हेंबरात एक्क्याऐंशी.

तब्येत उत्तम होती. कानाजवळची पांढरी बट काळी झाली. चष्म्याने डोकं दुखायला लागलं म्हणून काढून ठेवला, तर टायरच्या दुकानाची पाटी लांबूनही वाचता आली. बसमध्ये कंडक्टर एकेरीत बोलला. लॅबच्या दाराशी अंगठा लावायचं मशीन होतं, ते "पुन्हा प्रयत्न करा" म्हणायला लागलं. वॉचमन गोविंदा रोज वहीत हाताने तिचं नाव लिहायचा. एक दिवस त्याने तिचं ओळखपत्र मागितलं, बराच वेळ फोटोकडे बघितलं आणि परत दिलं.

रक्तापुरतं असतं तर कुठल्या तरी शास्त्रात बसलं असतं. डिसेंबरात तिने गालाच्या आतून कापूस फिरवला. तिथे रक्ताचा संबंध नसतो. कापसावर तिसरी सत्तर टक्के होती.

नखात नव्वद.

तिने थांबवायचा विचार केला नाही असं नाही. पण थांबवायचं म्हणजे पुन्हा सही करायची. ती तिच्याने होणार नव्हती.

जानेवारीच्या एका सोमवारी तिने दोघांचे शेवटचे नमुने शेजारी शेजारी लावले. तिच्या रक्तात मुलीला मिळालेल्या टोकांपलीकडे तिचं एकही टोक उरलं नव्हतं. ती पाठ असलेली सोळा जागांची टोकं आता एकाच ठिकाणी सापडत होती, राजरत्नच्या हाडांत.

आलेख तिने जपून घडी करून पर्समध्ये ठेवला आणि वेळेआधी निघाली.

कोपरला उतरली तेव्हा अजून ऊन होतं. जिन्यात शेजारची रखमाबाई भेटली, बाजूला सरून तिला वाट दिली आणि वर गेली.

दुसऱ्या मजल्यावर आल्यावर तिला आठवलं, किल्ली लॅबमध्येच राहिली. तिने बेल वाजवली.

आतून मेथी खुडल्याचा वास आला. कडी निघाली. आवडाबाईंनी दार उघडलं, पदराला हात पुसले, आणि तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. चेहऱ्यावर माया होती.

"कोण पाहिजे गं बाळा?"

"तोंडवळा आमच्याकडचाच दिसतो," आवडाबाई म्हणाल्या. त्यांनी दार सगळं उघडलं. "स्वप्ना यायचीय अजून. ये, आत बस."