मागच्या सीटचे बोल्ट

बस. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय मी एबेला पाडायला अर्धा कापून ठेवलाय. तो डबा उलटा कर आणि त्यावर बस. हीटर पायाशी ओढ. फक्त तो कंदील विझवू नकोस. का, ते ऐक.

सुरुवात झाली मुरंब्यापासून. ऑक्टोबरात आईनं लिंगनबेरीचा मुरंबा केला आणि म्हणाली, एक बरणी होल्गरला देऊन ये. होल्गर म्हणजे शेजारचा म्हातारा. शेजारचा म्हणजे मध्ये जंगल आहे, पण दुसरं कुणी नाहीच. बरणी दिली. आता काही देऊन रिकाम्या हातानं परत यायची मला सवय नाही. म्हणून म्हटलं, "होल्गर, तुझ्या कोठारात ती गाडी सडतेय. तिचं काय करणारेस?"

"का? तुला कोंबड्या पाळायच्यात तिच्यात?"

"मला चालवायचीय."

"अजून शेंबूड पुसता येत नाही तुला."

"पंधरा पूर्ण झाली. ट्रॅक्टर करणार तिचा."

आमच्याकडे सगळी पोरं हेच करतात. पंधराव्या वर्षी कार चालवता येत नाही, ट्रॅक्टर चालवता येतो. मग एखादी जुनी कार धरायची, तिचा वेग तीसवर बांधायचा, मागची सीट उपटून टाकायची, पाठीवर लाल त्रिकोण ठोकायचा आणि तपासणीला न्यायची. पास झाली की सरकारच्या लेखी तो ट्रॅक्टर. पुढे दोघं बसणार, मागे कुणी बसायचं नाही. गाडी नसेल तर मात्र बसा घरी, कारण बस सकाळी एकदा जाते आणि दुपारी एकदा येते. ड्रायव्हरची बायको भांडली असेल तर तेही नाही. दोन हिवाळे मी खिडकीतून झाडं मोजलीत. तिसरा काढला असता तर मीच झाड झाले असते.

होल्गर मला कोठारात घेऊन गेला. लांबडी, चौकोनी गाडी, रंग कधीकाळी हिरवा. आत उंदरांचा वास, आणि त्या वासाखाली दुसरा एक वास होता. ओल्या लोकरीचा. कुणी बर्फातून येऊन कोट वाळत घालावा तसा.

किल्ली द्यायच्या आधी त्यानं एक गंमत केली. मागचं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही, आणि म्हातारा आपला हॉटेलच्या दरवानासारखा ताठ उभा. बराच वेळ. मग सुस्कारा सोडून दार लावलं.

"नाहीच तर," म्हणाला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मला हसू आवरेना. घरी येईपर्यंत मी ती नक्कल पक्की केली होती.

एबे म्हणजे माझा दोस्त. ताडासारखा उंच, बोलायला पैसे पडतात असं वागतो, पण त्याच्या बापाचं वेल्डिंग मशीन आहे. त्यानं ट्रेलरवरून गाडी इथं, आमच्या गॅरेजमध्ये आणली. मी मागचं दार उघडून कमरेत वाकले आणि म्हटलं, "या राणीसाहेब, बसा. गादी गरम आहे." एबे हसला. त्याचं हसणं म्हणजे वर्षातनं एकदा. मग काय, रोज काम सुरू करायच्या आधी मी तेच करायची. "या राणीसाहेब."

आईनं मात्र मुदत घातली. "डिसेंबरातल्या लुसियाच्या सणापर्यंत तपासणी पास झाली नाही तर भंगारवाल्याला बोलावीन. अंगणात सांगाडा नकोय मला, कळलं?"

आणि गाडी? गाडीनं मला रडवलं. खालचा पत्रा बिस्किटासारखा. स्क्रू ड्रायव्हर टेकवला की आरपार. हीटरमध्ये उंदरांनी घर केलेलं, चालू केला की तोंडावर पिसं आणि लेंड्या. ब्रेकचे पाइप गंजून एकजीव झालेले. एक नट निघाला की त्याच्यामागे लपलेला दुसरा दात काढून हसायचा. माझ्या बोटांची सालं गेली, शिव्या संपल्या, मग मी एबेच्या आजीकडून जुन्या शिव्या शिकून आले.

सगळ्यात वैताग बॅटरीचा. संध्याकाळी भरून ठेवायची, सकाळी मेलेली. कारण सकाळी यावं तर गाडीच्या छतातला दिवा चालू! मी बटण बंद केलं. सकाळी चालू. दिवाच काढला आणि कॉफीच्या डब्यात टाकला. सकाळी दिवा छतात, बॅटरी मेलेली, डबा रिकामा.

"एब्या, तुझा मुडदा पाडीन मी."

"मी नाही."

"मग कोण? उंदीर?"

"तूच असशील," एबे म्हणाला. "माझ्या शाळेच्या कपाटात आंबवलेल्या हेरिंग माशाचा डबा कुणी फोडला होता?"

मीच फोडला होता. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "जगाच्या खोड्या काढतेस ना? आता कुणीतरी तुझी काढतंय. छान झालं." गल्लीतल्या चोराच्या घरी चोरी झाली, असं झालं माझं. कुणी विश्वासच ठेवेना.

मागच्या सीटचे बोल्ट तर हलेचनात. गंज सोडवायचं तेल मारलं, तापवले, पान्याला पाईप लावून दोघं लटकलो. शेवटी ग्राइंडरनं कापले. ठिणग्या उडाल्या, सीट उचलली, आणि खाली... बर्फ. मूठभर, भुसभुशीत, आत्ताच पडल्यासारखा. अजून बाहेर पहिला बर्फसुद्धा पडला नव्हता.

एबे म्हणाला, "पाणी गोठलं असेल."

मी विचार कशाला करू? उचलला आणि त्याच्या शर्टात मागून टाकला. काय बोंबलला! आम्ही दोघं हसून लोळलो. संध्याकाळी त्यानं घरून फोन केला. आवाज अगदी बारीक.

"टूवा... आत्ता शर्ट काढला."

"मग?"

"तो बर्फ तसाच आहे. मी जेवलो, शेगडीशी बसलो. तो... वितळलाच नाही."

मी म्हटलं, माझ्याच डावानं मला फसवतोस काय. आणि फोन ठेवला.

डिसेंबरात एकदाची गाडी उभी राहिली. रिकाम्या जागेवर लाकडी फळी ठोकली, लाल त्रिकोण लावला आणि मी एकटीच तपासणीला निघाले. रस्ताभर तळं उजव्या हाताला, काळं, कडेनं नुकता सायीसारखा बर्फ धरलेलं. मी खूश होते. एबेनं आणि मी ठरवलं होतं, जानेवारीत तळं पक्कं गोठलं की त्याच्यावरून बर्फाचा रस्ता उघडतो, वाट कळावी म्हणून दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडांच्या फांद्या रोवतात, मग शहर अर्ध्या वाटेवर येतं. तिकडनं बोंबलत जायचं.

तपासणीवाली बाई दगडासारखी. हसणं पगारात बसत नसावं. टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरली, मागच्या काचेशी थांबली, काहीतरी बोलली. मग माझ्याकडे आली.

"गाडी लिफ्टवर घ्यायचीय. त्यांना उतरायला सांग."

"कुणाला?"

"मागे बसल्यात त्यांना. मी सांगून दमले. बघतसुद्धा नाहीत माझ्याकडे."

मी वळून पाहिलं. फळी. तिच्यावर माझा पाना. दुसरं काही नाही.

"बाई, गाडीत कुणी नाहीये."

"हे बघ पोरी, मला चेष्टा चालत नाही. म्हाताऱ्या बाईला उघड्या फळीवर बसवून आणलंस, लाज नाही वाटत? मागे माणूस बसवायचा नाही, एवढाही नियम ठाऊक नाही? नापास. पुढच्या आठवड्यात ये. एकटी ये."

मला आधी राग आला. एवढं रक्त आटवून, एकही नट सैल नसताना, नापास! कशासाठी, तर नसलेल्या बाईसाठी! एबेनं हिला पटवलंय, असं वाटलं. पण एबे दुकानातल्या बाईला दूध मागतानाही लाजतो. परतीच्या वाटेवर दुपारीच अंधार पडला. हीटर पुरा चालू होता आणि मान मात्र गार पडली होती. ओल्या लोकरीचा वास येत होता. मी आरशात बघितलं नाही. आरसा वर छताकडे वळवून टाकला.

गाडी सरळ होल्गरच्या दारात नेली.

"खरं सांग," म्हटलं. "कोण आहे ती? तुझी आई?"

"आईला गाडी लागायची. ती जन्मात बसली नाही हिच्यात." तो माझ्याकडे बघत राहिला. "ती, म्हणालीस. बाई आहे?"

"तुला माहीत नाही?"

"मला कधी दिसली नाही गं." त्यानं कॉफी ओतली, निम्मी बशीत. "खूप जुनी गोष्ट आहे. तळ्याकाठी, बर्फाचा रस्ता सुरू होतो ना, तिथं. वादळ होतं. कुणीतरी हात केल्यासारखं वाटलं म्हणून मी थांबलो, मागचं दार उघडलं. कुणीच आलं नाही. मी दार लावायला हात पुढे केला, तर... ते आपलं आपणच लागलं."

"मग?"

"मग काय. उतरायचं कुठे, ते सांगितलंच नाही. घरी आलो, दार उघडून उभा राहिलो. रोज उभा राहायचो. उतरेल, उतरेल. शेवटी गाडीच बंद करून ठेवली."

म्हणजे म्हातारा दार उघडायचा ते उतरवायला. आणि मी दोन महिने वाकून वाकून, या राणीसाहेब, बसा!

"छतातला दिवा ती लावते का?"

"अंधार नको असतो. मी कोठारात कंदील ठेवायचो."

लुसिया आठवड्यावर आली होती. डोक्यात एकच, भंगारवाला. आणि मग मला वाटलं, मोठी अक्कल सुचली. "मागे बसायला बंदी आहे ना? मग तिला पुढे बसवते. पुढे चालतं. पट्टा लावला की झालं."

होल्गरनं बशी खाली ठेवली. "पुढे?" तो हळूच म्हणाला. "पुढून रस्ता दिसतो, टूवा."

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

तपासणीच्या सकाळी मी पुढचं दार उघडलं. नक्कल नाही केली. नुसती धरून उभी राहिले. पुढची सीट हळूच दबली. स्प्रिंग कुरकुरली. दार माझ्या हातातून सुटलं आणि अगदी सभ्यपणे लागलं. मग आतून आवाज आला. पट्ट्याचा. खट्.

तपासणीवालीनं या खेपेला पुढच्या काचेतून आत डोकावलं. टॉर्च खाली घेतला. गाडी वर घेतली नाही, ब्रेक पाहिले नाहीत, लांबूनच शिक्का मारला.

"झाली पास. जा."

"बाई... ती काही बोलली का?"

"जा तू," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

गाडी माझी झाली. आई एवढी खूश की केशराचे पाव दुप्पट केले. "चालतेय ना? मग तोंड का पाडलंयस?" एबे एकदाच पुढच्या सीटवर बसायला गेला, टेकायच्या आतच उठला. आता तो माझ्या मागून मोपेडवरनं येतो, हात गारठवत. एवढं राबून गाडी केली, आणि माझा दोस्त मोपेडवर! सोडून देऊ म्हणतोस? का सोडू? माझी सालं गेलीत हिच्यापायी. गॅरेजमध्ये कंदील ठेवला की बॅटरीसुद्धा टिकते. तिच्या पायाशी बर्फ असतो, तो वितळत नाही, एवढंच. मी म्हटलं, बसेना का.

पण जाताना तळ्याकाठी, होल्गर थांबला होता त्या जागी आलं की सिग्नल लागतो. मी लावत नाही. दांडी आपणच हलते. टिक, टिक, टिक. उजवीकडे. उजवीकडे रस्ता नाही, नुसतं तळं. मी रोज मोठ्यानं सांगते, "इथं रस्ता नाहीये, बाई. अजून गोठलं नाहीये." पुढे गेलं की सिग्नल बंद होतो. समजूतदार आहे, असं वाटलं मला.

काल जाताना लागला तो मात्र बंद झालाच नाही. परत घरी येईपर्यंत चालू. म्हणून आज सकाळी उजेड पडल्यावर मी एबेला घेऊन चालत तिथं गेले. बर्फ एवढा पातळ आहे की एबेचं कुत्रं काठावर पाय टाकेना. खालचं पाणी हलताना दिसतं.

आणि त्याच्यावर फांद्या रोवल्यात. सूचिपर्णी झाडांच्या, ताज्या, दोन्ही बाजूंना सरळ ओळीत, दरवर्षी रोवतात तशाच. माझी गाडी नेमकी मावेल एवढी जागा मध्ये सोडून. आम्ही काठावरून बघत राहिलो. त्या ओळी पलीकडच्या काठाला जात नाहीत. तळ्याच्या मधोमध जातात... आणि तिथं संपतात.

ऐक. गाडी बंद आहे ना? किल्ली तर माझ्या खिशात आहे.

मग हे टिक टिक कशाचं?