न ठोकलेला खिळा

"माझा शिक्का चोरीला गेलाय, आणि उद्या माझं लग्न आहे," दारात उभी असलेली मुलगी म्हणाली.

लग्नाआधी दोन्हीकडची गुपचूप माहिती काढून देणं हा शिओया मिनेबाईंचा धंदा. त्यामुळे कानाझावात लग्नाच्या आदल्या दिवशी रडवेलं होऊन येणारं माणूस त्यांना नवं नव्हतं. त्यांचे मदतनीस होंमा एके काळी टपाल वाटायचे. त्यांना शहरातला प्रत्येक पत्ता पाठ होता, पण पत्त्यावरच्या माणसांच्या मनात काय चाललंय, हे मात्र त्यांना कधीच कळलं नाही.

"बसा. कसला शिक्का?" बाईंनी विचारलं.

"सरकारदरबारी नोंदवलेला." तिचं नाव चिगुसा तोगाशी, लोणच्याच्या जुन्या दुकानाची एकुलती एक वारस. "आज दुपारी वकिलांकडे लग्नाआधीचा करार करायचाय. दुकान आणि घर माझ्याच नावावर राहील, असा. त्यावर सहीऐवजी तोच शिक्का लागतो. आणि एकदा लग्न नोंदवलं की हा करार करताच येत नाही."

"मग लग्न पुढच्या आठवड्यात नोंदवा की!" होंमा म्हणाले.

"उद्या शुभ दिवस आहे, काका. तोमोहारूच्या घरची माणसं नोतोहून निघालीसुद्धा. आता थांबा म्हटलं, तर म्हणतील मुलीचं मन फिरलं. आणि नवा शिक्का कोरून घ्यायला आठवडा जाईल."

ती मान खाली घालून बोलू लागली, "खरं सांगू? मला ही शिक्षाच वाटते. ज्याच्याशी जन्म काढायचा, त्याच्याशी आधी कागदावर तुझं-माझं करायचं. शरम वाटते हो."

बाईंनी चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला. तो घेताना चिगुसा ओशाळून हसली. "आज तरी हाताला वास नाहीये. एरवी सकाळी तांदळाच्या खारवलेल्या कोंड्यात हात घालून त्यात मुरणारं लोणचं ढवळते, तर लोक नाक मुरडतात. आज आईच म्हणाली, सहीचा दिवस आहे, मी ढवळते."

तासाभरात तिघं तोगाशींच्या घरी पोचली.

शिक्का पितरांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात असायचा. खण अगदी जमिनीलगत होता, आणि त्याच्यापुढे छोट्या चौरंगावर सकाळच्या भाताची वाटी. बाईंनी गुडघे टेकले. खणात बँकेतून पैसे काढायचा शिक्का तसाच होता. नोंदवलेल्या शिक्क्याची डबी रिकामी होती.

"न्याहारीला बसण्याआधी मी स्वतः पाहिला होता. दहाला घ्यायला आले, तर नाही," चिगुसा म्हणाली.

"त्या वेळी ही वाटी कुठे होती?"

"इथेच. वाटीवर फूल आहे ना, ते तिचं तोंड. आई रोज ते बाबांच्या फोटोकडे करूनच ठेवते. मी चौरंग सरकवल्याशिवाय खण उघडलाच नसता."

बाईंनी वर पाहिलं. भिंतीच्या वरच्या पट्टीवर आजोबा, पणजोबांचे फोटो ओळीनं टांगलेले होते. चिगुसाच्या वडिलांचा फोटो मात्र खाली, भिंतीला टेकवून ठेवला होता.

"बाबांना जाऊन किती वर्षं झाली?"

"तीन."

होंमांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

वडिलांचे धाकटे भाऊ यासुझो दुकानात उंच स्टुलावर बसून होते. बाकी सगळे चटईवर बसतात, आणि हा एकटा स्टुलावर, म्हणून होंमांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"करार म्हणजे अभद्र!" यासुझो उखडून म्हणाले. "माझा दादा या घरात घरजावई आला. त्यालाही असाच कागद दिला होता. पुढे तीस वर्षं राहिला इथे, पण भिंतीत खिळा ठोकायचा तरी वहिनीला विचारायचा. वहिनी हो म्हणायची, तरी ठोकायचा नाही."

"म्हणजे शिक्का नाहीसा झाला, ते तुम्हाला बरंच वाटलं असेल," बाई म्हणाल्या.

"वाटलं! पण हा गुडघा वाकत असता तर दादापुढे नीट बसलो नसतो? तीन वर्षं उभ्यानंच नमस्कार करतोय."

होणारा नवरा तोमोहारू मागच्या अंगणात बरण्या धूत होता. सकाळी देव्हाऱ्यापुढे तो बराच वेळ एकटाच होता, हे त्यानं लगेच कबूल केलं.

"उदबत्ती लावली. सासऱ्यांची माफी मागितली."

"कशाची?" होंमांचे डोळे चमकले.

तोमोहारू बरणीकडेच पाहत राहिला. "थोरल्या भावाच्या मासेमारीच्या बोटीला मी जामीन आहे, आणि बोटीचं काही खरं नाही. उद्या माझ्या मागे लोक लागले, तर या दुकानाला हात लागू नये. करार मीच मागितला. सासूबाईंना हे सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडानं सांगू? असला जावई कुणाला हवाय?"

"ही गोष्ट चिगुसाला ठाऊक आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे. मीच तिला गप्प राहायला सांगितलं."

बाईंनी वकिलांना फोन लावला. करार नवऱ्या मुलानंच मागितला होता, हे त्यांनीही सांगितलं.

शेवटी चिगुसाच्या आई, फुसाएबाई, चहा घेऊन आल्या. बरोबर काकडीचं लोणचं होतं. होंमांनी एका दमात अर्धी बशी संपवली.

"वा! काय हात आहे तुमचा!"

"माझा कसला? चिगुसाचा. माझ्या हाताला भेगा पडतात, मीठ झोंबतं. ते गेल्यापासून मी कोंड्याला हात लावलेला नाही."

त्यांच्या तीन बोटांना नव्याकोऱ्या पट्ट्या होत्या. चहा ओतताना एक पट्टी ओली होऊन सुटली. शिओयाबाईंनी पेला घेतला आणि सगळ्यांना देव्हाऱ्यापुढे बोलवायला सांगितलं.

सगळे जमले. यासुझोंनी आपलं स्टूलही आणलं.

"हा तोमोहारूच!" होंमा बाईंच्या कानात कुजबुजले. "एकटाच होता इथे."

"त्यानंच मागितलेला करार तो कशाला अडवेल?" बाई मोठ्यानंच म्हणाल्या, आणि होंमा लाल झाले. "चोरानं बँकेचा शिक्का सोडला, म्हणजे त्याला पैसा नको होता. करार तेवढा होऊ द्यायचा नव्हता, तोही फक्त आजचा दिवस. यासुझोंना करार नको होता, पण त्यांना जमिनीलगतचा खण उघडता येत नाही. चोरानं चौरंग हलवला, आणि घाईतही भाताची वाटी पुन्हा फोटोकडे तोंड करून ठेवली. रोज भात ठेवणाऱ्या हातालाच ही सवय असते."

बाई चिगुसाच्या आईकडे वळल्या.

"फुसाएबाई, तीन वर्षं तुम्ही कोंड्याला हात लावलेला नाही म्हणालात. चिगुसा म्हणते, आज तुम्हीच ढवळला. शिक्का लपवायला त्याहून चांगली जागा कुठली? तिथे रोज हात घालणारीला तुम्ही आज लांब ठेवलंत. आणि मीठ झोंबलं, म्हणून या पट्ट्या."

फुसाएबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि कोपरापर्यंत कोंड्यानं माखलेला हात घेऊन परत आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला शिक्का होता. खोलीभर आंबट वास पसरला.

"उद्या परत ठेवणार होते," त्या म्हणाल्या.

"आई, का गं?" चिगुसाचा आवाज फुटला.

"तुझ्या आजोबांनी कागद पुढे केला आणि मी तुझ्या बाबांना म्हटलं, इथे उमटवा. त्यात काय लिहिलंय, ते वाचूनसुद्धा दाखवलं नाही. त्यांनी हसत हसत शिक्का उमटवला. आणि मग जन्मभर पाहुण्यासारखे राहिले माझ्या घरात. आता त्यांचा फोटो लावायलासुद्धा माझा हात धजत नाही. कुठल्या हक्कानं खिळा ठोकू? तू या मुलाचं तेच करायला निघालीस, ते मला बघवेना." त्यांनी तोंडाला पदर लावावा तशी बाही लावली आणि त्या रडू लागल्या.

तोमोहारूनं जमिनीला कपाळ टेकलं. "चूक माझी आहे. करार मला बाहेर ठेवायला नाही, माझं संकट बाहेर ठेवायला आहे. मी तुम्हाला सांगायला हवं होतं." मग त्यानं बोटीची सगळी गोष्ट सांगितली.

फुसाएबाईंनी बाहीनं डोळे पुसले. "मेल्या, एवढंच होतं तर आधी बोलायचं नाही का?"

"आई, कागद तेव्हासारखाच आहे," चिगुसा शिक्का पुसत म्हणाली. "फरक एवढाच, की हा आम्ही दोघांनी बसून ओळ न् ओळ वाचलाय. आता तूही वाच. तुला पटला तरच शिक्का लावीन."

चिगुसानं पर्समधून कराराचा कागद काढला, तसा फुसाएबाईंनी चष्मा मागवला. त्यांनी सगळी कलमं वाचली, दोनदा वाचली. मग चिगुसाच्या पर्समधलं पेन घेऊन त्या म्हणाल्या, "यात एक कलम वाढवा. वकिलाला चालो न चालो."

त्या पुन्हा आत गेल्या. येताना त्यांच्या हातात हातोडी आणि एक लांब खिळा होता. त्यांनी दोन्ही तोमोहारूपुढे ठेवलं आणि नवऱ्याचा फोटो उचलून छातीशी धरला.

तोमोहारू गोंधळून उठला. वरच्या पट्टीकडे पाहत त्यानं विचारलं, "कुठे ठोकू, सासूबाई?"

"मला विचारू नकोस," फुसाएबाई म्हणाल्या.